गोवर आलेलं खमण

आमच्या सईला रंग चालत नाही, आणि तिचा बाप रंगाच्या कारखान्यात नोकरी करतो.

म्हणजे बघायचा रंग चालतो. खायचा चालत नाही. लाल गोळी, हिरवी जेली, दसऱ्याची नारिंगी जलेबी, यातलं काहीही पोटात गेलं की थोड्याच वेळात तिच्या अंगावर पित्त उठायचं. गाल सुजायचे, कानाच्या पाळ्या लालबुंद व्हायच्या आणि पोरगी खाजवून खाजवून बेजार. डॉक्टरांनी एकेक पदार्थ बंद करून, पुन्हा सुरू करून बघितला आणि शेवटी सांगितलं, "खाण्यातले बनावट रंग बंद. बाकी मुलगी ठणठणीत आहे." मग सहज विचारलं, "आपण काय करता?" मी सांगितलं. डॉक्टर चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघतच राहिले.

(आमचे रंग कापडाचे असतात. साड्या, चादरी, फार तर गाद्यांच्या खोळी. पण हे समजावून सांगेपर्यंत त्यांनी पुढच्या पेशंटची घंटा वाजवली होती.)

आता बडोद्यात राहून रंगीत खायचं नाही, हे बोलायला सोपं आहे. आमच्या वासणा भागातल्या कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडे पांढरी बर्फीसुद्धा एका बाजूने हिरवी असते. पण त्यातून मार्ग निघायचा. सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे वाढदिवस. सई दुसऱ्यांच्या वाढदिवसाला स्वतःचा डबा घेऊन जायची. बाकीची पोरं केकवरच्या गुलाबी फुलांवर तुटून पडलेली आणि आमची ही कोपऱ्यात बसून स्टीलच्या डब्यातला शिरा खातेय! एकदोनदा खपलं. मग सोसायटीतल्या पोरांनी तिचं नव्याने बारसं केलं. नाव ठेवलं, 'डब्बावाळी'.

या बारशात पुढाकार होता समोरच्या बंगल्यातल्या पिंकलचा. पिंकल सईच्याच वर्गात. सईची सगळ्यात जवळची मैत्रीण आणि सगळ्यात जवळची शत्रू. (त्या वयात ही दोन्ही पदं एकाच व्यक्तीकडे असतात.)

सईचा आठवा वाढदिवस जवळ आला, तेव्हा जेवताना तिने जाहीर केलं, "बाबा, माझ्या बर्थडेला डबा नाही."

"तुझ्याच घरी तुला डबा कशाला लागेल?"

"तसं नाही. जे मी खाणार तेच सगळे खाणार. आणि कोणाला कळलं नाही पाहिजे."

"काय कळलं नाही पाहिजे?"

"की ते माझंवालं आहे." मग तिने भात कालवता कालवता अटी सांगितल्या. "केक पिंक. शरबत ब्लू. खमण एकदम यलो. पिंकलकडे होतं तसंच. नाहीतर ती म्हणेल, डब्बावाळीच्या घरी सगळ्यांनाच डब्बा! मग पुढच्या वर्षी कोणीच येणार नाही."

बोलताना तिने मान वर केली नाही. त्यामुळे हे प्रकरण किती गंभीर आहे ते आम्हा सगळ्यांना कळलं.

माझी बायको वीणा शहाणी आहे. (हे वाक्य तिने वाचलं की मला चहा मिळेल.) ती म्हणाली, "आपण साधं करू. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. पोरं खुश होतात आणि रंगाचा प्रश्नच येत नाही."

"छे!" मी म्हणालो. "पोरीला रंग हवाय. तिचा बाप काय करतो? रंगच करतो ना?"

"तुम्ही गाद्यांच्या खोळी रंगवता."

"तत्त्व एकच असतं."

"खोळीला चव नसते," माझी आई म्हणाली.

पण मी पेटलो होतो. सईच्या डोक्यावर हात ठेवून मी घोषणा केली, "गुलाबी केक, निळं सरबत, पिवळंधमक खमण. सगळं झाडापानांतून, एक थेंब बनावट रंग नाही. आणि कोणाला पत्ता लागणार नाही. बापाचा शब्द!"

सईने दुसऱ्या दिवशी ही घोषणा वर्गात केली. झाडापानांचा भाग वगळून.

सुरुवात केकपासून केली. बीट किसलं, रस काढला, पिठात ओतला. काय रंग आला म्हणून सांगू! इतका गुलाबी की मी पातेलं घेऊन समोर जागृतीबेनना, म्हणजे पिंकलच्या आईला, दाखवून आलो. मग पीठ ओव्हनमध्ये गेलं. आमचा ओव्हन तो जुना गोल, झाकणाला काचेचा डोळा असलेला. त्या डोळ्याला डोळा लावून मी बसलो. बघता बघता गुलाबीचा केशरी झाला, केशरीचा मातकट, आणि झाकण उघडलं तेव्हा आत खाकी! माझे वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. संध्याकाळी ते क्वार्टरवर परत यायचे तेव्हा त्यांच्या युनिफॉर्मचा जो रंग झालेला असायचा, अगदी तो.

आईने एक तुकडा तोंडात टाकला. "चव बरी आहे रे. पण कुंडीतलं खणून दिल्यासारखं वाटतंय."

"रस कमी पडला," मी म्हणालो आणि दुप्पट बीट घालून दुसरा केक केला. तो जास्त खाकी झाला. तिसऱ्यात तिप्पट घातलं. तो केक फुगलाच नाही. तो वीणाने दाराला अडसर म्हणून लावून बघितला आणि दार खरोखर थांबलं.

उष्णतेने उडणारा रंग आमच्या कारखान्यात आला, तर मी त्यावर 'नापास' असा शिक्का मारून परत पाठवतो. त्या शिक्क्याची शाई आजतागायत उडालेली नाही. पण हे सगळं ज्ञान मी कारखान्याच्या दारात सायकलस्टँडवर ठेवून घरी येतो, असं वीणाचं मत आहे.

"आता?" वीणाने विचारलं.

"आता वरून आयसिंग. लोणी, पिठीसाखर आणि भरपूर हळद. पिवळाजर्द केक! आतून काय आहे ते कोण बघतंय?"

(न तापवलेल्या आयसिंगमध्ये बीटचा रस अगदी गुलाबी राहिला असता, हे मला आज कळतं. पण त्या आठवड्यात मी बीटवर इतका चिडलो होतो की भाजीवाल्याच्या गाडीवर ते दिसलं तरी मान फिरवत होतो.)

हळदही मी साधीसुधी आणली नाही. पाकिटातल्या हळदीत रंग घातलेला असला तर? म्हणून स्कूटर काढून पाणीगेटच्या बाजूला एका जुन्या मसालेवाल्याकडे गेलो, अख्खी हळकुंडं निवडून घेतली आणि समोर उभं राहून दळून घेतली. असा जोरदार माल! पुडी बांधताना त्याची बोटं पिवळी झाली, घरी येईपर्यंत माझी पँट पिवळी झाली.

राहिला निळा. निळ्यासाठी हवी होती गोकर्णाची फुलं, आणि आमच्या सोसायटीत गोकर्णाचा वेल एकाच कुंपणावर होता. जागृतीबेनच्या. त्यांना विचारलं असतं तर 'कशाला' हा प्रश्न आला असता, आणि मग सगळंच फुटलं असतं. म्हणून मी पहाटे गेलो. अर्धा कुंपणाच्या अलीकडे, अर्धा पलीकडे, हातात प्लॅस्टिकची पिशवी, अशा अवस्थेत असताना मागून आवाज आला, "सुधीरभाई! आ शुं करो छो?"

"फूल... पूजा माटे," मी लोंबकळत म्हणालो.

"तमे? पूजा?" जागृतीबेनचा विश्वास बसेना. माझं आणि देवाचं एकमेकांना त्रास न देण्याचं जे ठरलेलं होतं, ते सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. "क्या भगवाननी?"

"शंकरनी," सुचलं ते बोललो.

जागृतीबेनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी स्वतःच्या हाताने वेल ओरबाडून माझी पिशवी भरली आणि म्हणाल्या, "सोमवारे मंदिर साथे जईशुं, भाई." त्यानंतरचे कितीतरी सोमवार मी ऑफिसला जायच्या आधी त्यांच्यामागून दुधाचा तांब्या घेऊन देवळात गेलो आहे. एका सरबतापायी!

पण रंग काय आला! फुलं गरम पाण्यात टाकली आणि पाणी निळंशार झालं. साखर घातली, गाळलं, मोठा काचेचा जग भरून ठेवला. मी त्या जगाकडे तीन बाजूंनी बघून घेतलं.

वाढदिवसाच्या दिवशी खमण. वीणा साहित्य मांडत होती. बेसन, चिमूटभर हळद, सोडा आणि एक छोटी पांढरी पुडी.

"हे काय?"

"लिंबूसत्त्व. खमणात लागतंच."

मी पुडी उघडून बघितली. चकचकीत पांढरे स्फटिक! "केमिकल? माझ्या मुलीच्या पोटात? शक्य नाही! ही पुडी या घरात नको."

"अहो, ती लिंबातलीच..."

"नको म्हणजे नको. आणि चिमूटभर हळदीने पिवळंधमक होत नसतं. सर बाजूला!" मी पाणीगेटच्या हळदीचे सढळ हाताने चमचे घातले. खमण कापसासारखं व्हावं म्हणून सोडाही सढळ हाताने घातला. झाकण लावलं. वाफ आली. झाकण काढलं.

खमण लाल झालं होतं. सगळं लाल असतं तर मी म्हणालो असतो की तसंच करायचं होतं. पण ते पिवळ्यावर लाल झालं होतं. ठिपके, चट्टे, मधूनच एखादा मोठा ओघळ.

आई काठी टेकत आली, वाकून बघितलं. "हळदीत इतका सोडा ओतलास? अरे, कुंकू कशाचं करतात वाटलं तुला? हळदीला चुना लावतात, ती लाल होते. सोड्यानेही तेच."

"आई, मला माहीत आहे ते. क्षारामुळे होतं."

"माहीत होतं, तर मग केलंस कशाला?"



दुसरं खमण करायला वेळ नव्हता. दारात रिक्षा थांबायला लागल्या होत्या. मी ओंजळभर कोथिंबीर आणि ओंजळभर खोबरं भुरभुरलं. आता ते लाल, पिवळं, हिरवं आणि पांढरं दिसायला लागलं.

दहाबारा मुलं आली. सई नवा फ्रॉक घालून दारात उभी, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. आईने औक्षण केलं, मेणबत्त्या विझवल्या, टाळ्या झाल्या, आणि पिंकलने पहिला प्रश्न टाकला, "केक तो यलो छे! तें तो पिंक कह्युं'तुं ने?"

सईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आतून पिंक आहे."

पिंकलने लगेच सुरी घेऊन कापून बघितला. आतून खाकी निघाला.

मग तिने बोटावर आयसिंग घेऊन चाखलं. तोंडाचा चंबू झाला. "आमां तो हळदर छे! मम्मी खांसीमां आपे छे, एवुं लागे छे!" खोकल्याच्या औषधाचं नाव निघाल्याबरोबर बाकीच्या पोरांनी पुढे केलेल्या ताटल्या मागे घेतल्या. मी घाईघाईने खमणाचं ताट पुढे आणलं. पिंकलने कोथिंबीर बाजूला सारली, खाली बघितलं आणि शांतपणे निदान केलं.

"आने तो ओरी नीकळी छे."

खमणाला गोवर! सगळी पोरं खो-खो हसायला लागली. एकजण म्हणाला, "खाईशुं तो आपणनेय नीकळशे!" आणि पिंकल म्हणाली, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत, "डब्बावाळीने त्यां बधाने डब्बानुं!"

सईची हनुवटी थरथरायला लागली. मी कारखान्यात आग लागलेली बघितली आहे, पण असा घाम मला तेव्हाही फुटला नव्हता. मी नाचून दाखवायच्या बेतात होतो. तेवढ्यात वीणा निळ्या सरबताचा जग घेऊन आली. पोरं जरा थबकली. निळा रंग खरोखरच देखणा होता.

वीणाने एक घोट चाखला आणि तिचा चेहरा बदलला. "अहो, याला चव कुठे आहे? नुसतं साखरेचं पाणी!" आणि माझा सल्ला न घेता (म्हणूनच घरातलं एक तरी काम नीट झालं) तिने सगळ्यांसमोर दोन लिंबं कापून जगात पिळली.

निळं सरबत जांभळं झालं!

असा ओरडा झाला की आईने आतून विचारलं, कोण पडलं?

"जादू! जादू!"

"फरीथी करो, आंटी! फरीथी!" म्हणजे पुन्हा करा!

"सई, तारा पप्पा जादूगर छे?"

सईने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. मी जादूगारासारखा चेहरा केला. खरं तर मलाही वीणाइतकाच धक्का बसला होता, पण तो मी आत दाबला. लिंबाच्या फोडी पळवापळवीत गेल्या. प्रत्येकाच्या पेल्यात निळं, वर लिंबू, की जांभळं! पिंकल मात्र शास्त्रज्ञ वृत्तीची. तिने आपली फोड खमणाच्या लाल चट्ट्यावर पिळली. चट्टा विरत विरत पिवळा झाला.

"ओरी मटी गई!" पिंकल किंचाळली.

मग काय! खमणाच्या ताटावर दवाखाना सुरू झाला. प्रत्येकजण आपापल्या तुकड्याचा गोवर बरा करायचा आणि बरा झालेला पेशंट खाऊन टाकायचा. लिंबामुळे त्याला चवही आली. ताट रिकामं! सई मध्ये उभी राहून ऐटीत सांगत होती, "अमारे त्यां तो रोज आवुं ज बने!"

इथे वाढदिवस संपला असता, तर मी हा लेख पराक्रम म्हणून लिहिला असता.

पण केक उरला होता. आणि अंगात आलेल्या पोरांना उरलेल्या केकचं काय करायचं ते शिकवावं लागत नाही. पिंकलने सईच्या गालाला आयसिंग फासलं. सईने पिंकलच्या कपाळाला. पुढच्या काही मिनिटांत पाणीगेटची अस्सल हळद, लोण्यात घोळवलेली, प्रत्येकाच्या तोंडावर, मानेवर, कोपरापर्यंत पोचली. सगळी पोरं हसत होती, सई सगळ्यात जास्त. मीही हसत होतो.

"चला, हात-तोंड धुवा!" मी म्हणालो. अंगणातल्या नळावर मी साबण ठेवलाच होता. लोण्याचा चिकटपणा अंगाच्या साबणाने जाणार नाही, असा विचार करून कपडे धुण्याची मोठी वडी ठेवली होती. हा विचार एका रसायनतज्ज्ञाने, त्याच दिवशी दुपारी हळद आणि सोड्याचा धडा आईकडून घेतल्यानंतर केला होता.

पोरांनी साबण चोळला. आणि एकेक पोर लाल व्हायला लागलं!

नुसतं गुलाबी नाही. लाल! गालांवर चट्टे, कपाळावर चट्टे, कानामागे ओघळ. आणि नेमकी तेव्हाच फाटकातून आई-वडील मुलांना न्यायला आत येऊ लागले. सर्वात पुढे जागृतीबेन.

"हाय हाय! मारी पिंकलने शुं थई गयुं!"

"आ तो पेली सईनी एलर्जी!" कुणाचे तरी वडील मागून म्हणाले. "चेपी लागे छे! बधाने लागी गई!"

चेपी, म्हणजे संसर्गाने पसरणारी! सोसायटीत कोणाकडे कोणाला खोकला झाला तरी आठवडाभर चर्चा होते. इथे तर अख्खी फौज लाल झालेली. पोरांना इतका वेळ काही वाटत नव्हतं, पण आपण आजारी आहोत हे कळल्याबरोबर त्यांनी एकदम भोकाड पसरलं. जागृतीबेन पिंकलला छातीशी धरून मागे सरकल्या. सईपासून मागे. सई नळापाशी एकटी उभी राहिली, तिचेही गाल लाल, आणि तिच्याभोवती मोकळी जागा.

मी धावलो. "नाही, नाही! आ एलर्जी नथी! कोणाला काही झालं नाही! आ तो साधी केमिकल रिएक्शन छे!"

जगात लाखो शब्द असताना मी हा निवडला होता.

"केमिकल?" जागृतीबेन म्हणाल्या. "फॅक्टरीमांथी लाव्या, भाई?"

"फॅक्टरीनो कलर छोकराओने खवडाव्यो!" मागून कोणीतरी. "रिक्षा बोलावो! दवाखाने लई जईए!"

"हळद आहे हो, हळद! हळदर!" मी ओरडत होतो. "पीएच बदलला की..." पण लाल झालेल्या पोरांच्या आई-वडिलांना पीएच ऐकायचा नसतो. एका गृहस्थांनी माझी कॉलर धरायला हात पुढे केला, पण माझ्या शर्टावर आयसिंग बघून तो मागे घेतला. त्यांना वाटलं, आपणही लाल होऊ.

तेवढ्यात सई हलली. घरात गेली, अर्धं लिंबू घेऊन आली आणि सरळ पिंकलसमोर जाऊन उभी राहिली. जागृतीबेन "आघी रहे, बेटा", लांब राहा, म्हणेपर्यंत तिने पिंकलचा गाल धरला होता.

"पिंकल, हालती नहीं."

"बळशे?" झोंबेल का, असं पिंकलने विचारलं.

"थोडुं." आणि सईने लिंबू फिरवलं. लाल गाल पिवळा झाला. मग दुसरा गाल. मग कपाळ. पिंकलने रडणं थांबवलं, नाक ओढलं आणि आपल्या आईला ठणकावून सांगितलं, "मम्मी, आ एलर्जी नथी. ओरी छे. सईने मटाडतां आवडे छे!" सईला बरं करता येतं!

झालं! सईपुढे रांग लागली. मोठी माणसंही रांगेत. कॉलरवाल्या गृहस्थांनी स्वतःच्या अंगठ्यावर आधी करून बघितलं आणि मग मुलगा पुढे केला. लिंबं संपली. आता काय, म्हणून मी डोक्याला हात लावला तर वीणा स्वयंपाकघरातून एक छोटी पांढरी पुडी घेऊन आली. मी घराबाहेर काढायला सांगितलेली. तिने ती माझ्या नाकासमोरून नेली, पाण्याच्या बादलीत रिकामी केली, आणि एकेका पोराला त्या पाण्याने पुसून काढलं.

दिवे लागले तेव्हा आमच्या अंगणात दहाबारा पोरं पिवळीधमक होऊन ओळीने उभी होती. आई पायरीवर येऊन बसली, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "हळद लागली. आता मुंडावळ्या तेवढ्या आणा."

ती हळद पुढे बरेच दिवस कोणाचीच गेली नाही. त्या अख्ख्या आठवड्यात सईच्या वर्गात कोण आमच्याकडे वाढदिवसाला आलं होतं आणि कोण आलं नव्हतं, हे फळ्याजवळ उभं राहून सांगता येत होतं. न आलेल्यांना फार वाईट वाटलं म्हणे.

महिन्याभराने जागृतीबेनचा फोन आला. पिंकलचा वाढदिवस होता. "पिंकल कहे छे, सई जे खाय ए ज बधा खाशे. कलरवाळुं कशुं नहीं. केक पण सादी. सईने खाली हाथे मोकलजो." रिकाम्या हाताने पाठवा! सई फोनला कान लावून उभी होती. तिने ऐकलं आणि घरभर एक चक्कर पळून आली.

मला राहवलं नाही. मी घसा खाकरून म्हणालो, "जागृतीबेन, रसोडामां कंई मदद जोईए तो हुं..."



"हा भाई," त्या म्हणाल्या. "एक मदद करजो. तमे बहार बेसजो."

त्याप्रमाणे मी बाहेर बसलो. त्यांच्या ओट्यावर मला खुर्ची दिली होती आणि पोरांच्या चपला सांभाळायला सांगितलं होतं. आतून टाळ्या ऐकू आल्या, मग ताटल्या, मग सईचा आवाज, तोंडात घास असताना येतो तसा. मी जागचा हललो नाही. वीणाच्या मते, माझ्या वकुबाला साजेसं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि मी ते चोख केलं. सगळ्या पोरांना आपापल्या चपला मिळाल्या. एकच जोड हरवला. माझा.